हेलसिंकी–टोकियो: अंतर तेवढेच, प्रवास मात्र साडेतीन तासांनी लांबला

हेलसिंकीच्या वांता विमानतळापासून टोकियोच्या नारिता विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ७,८५० किलोमीटर आहे. अंतर काढून देणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर ही दोन नावे टाकली, की थोड्याफार फरकाने हाच आकडा समोर येतो. फेब्रुवारी २०२२ पर्यंत फिनएअर या फिनलंडच्या कंपनीचे विमान हा प्रवास साधारण साडेनऊ तासांत करत असे. ९ मार्च २०२२ रोजी त्याच कंपनीचे एअरबस ए३५० जातीचे विमान त्याच विमानतळावरून निघाले, त्याच विमानतळावर उतरायचे होते, आणि त्याला सुमारे तेरा तास लागले.

विमानतळ जागचे हलले नव्हते. विमानाचा वेग कमी झाला नव्हता. हवामानही काही विशेष वाईट नव्हते. तरीही साडेतीन तास वाढले. ही वाढ नेमकी कुठून आली याचा हिशेब मांडला, की दोन विमानतळांमधले ‘अंतर’ आणि ‘प्रवासाचा वेळ’ या दोन आकड्यांचा एकमेकांशी किती सैल संबंध असतो ते दिसते. अंतर भूमितीने ठरते. वेळ ठरवणाऱ्या गोष्टींची यादी बरीच लांब आहे, आणि तिच्यात सर्वांत वर असते ती परवानगी.

कागदावरचे ७,८५०

आधी भूमिती पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती काढलेल्या वर्तुळाचा तुकडा. त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, की तो आपोआप याच रेषेवर बसतो.

वांता विमानतळ ६०.३ अंश उत्तर अक्षांश आणि २५ अंश पूर्व रेखांशावर आहे, नारिता ३५.८ अंश उत्तर आणि १४०.४ अंश पूर्व रेखांशावर. गोलीय त्रिकोणमितीच्या नेहमीच्या सूत्रात हे आकडे घातले, की दोन्ही ठिकाणांमध्ये केंद्रापाशी होणारा कोन ७०.४ अंश येतो. एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर ७,८३० किलोमीटर. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, हे हिशेबात धरले की त्यात वीसेक किलोमीटरची भर पडते. अंतर दाखवणाऱ्या निरनिराळ्या साधनांच्या आकड्यांत थोडा फरक दिसतो तो बहुतेक वेळा एवढ्यामुळेच. एक साधन पृथ्वी गोल मानते, दुसरे चपटी. तेवढ्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

यातली खरी गंमत दिशेची आहे. सपाट नकाशात टोकियो हेलसिंकीच्या आग्नेयेला दिसते. नकाशावर पट्टी ठेवून त्याच दिशेने, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून गेले, तर सुमारे ८,७८० किलोमीटर पडतात. जवळचा मार्ग मात्र हेलसिंकीतून ईशान्येकडे निघतो, उत्तरेपासून साधारण ५१ अंशांवर. तो वर चढत जाऊन ६७.३ अंश अक्षांशापर्यंत पोहोचतो, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही थोडा पुढे, आणि तिथून टोकियोकडे खाली वळतो. आग्नेयेला जायचे आणि निघायचे ईशान्येला! या उफराट्या वाटणाऱ्या चालीत ९३० किलोमीटर वाचतात.

आता वेळ. ए३५० साधारण ०.८५ माख वेगाने जाते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. अकरा किलोमीटर उंचीवर, उणे ५६ अंश तापमानात, हा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर भरतो. प्रत्यक्ष मार्ग बृहद्‌वृत्ताला तंतोतंत धरून कधीच नसतो. निघतानाची वळणे, ठरलेले हवाई मार्ग आणि उतरण्यापूर्वीचा फेरा मिळून दोनतीन टक्के वाढतात. म्हणजे ८,०५० किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला की जवळपास नऊ तास. पाठीमागून थोडा वारा मिळाला तर त्यातले वीसपंचवीस मिनिटे कमी होतात. मग त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाण्याचा, चढण्याचा, उतरण्याचा आणि दारापाशी येऊन थांबण्याचा वेळ मिळवायचा. वेळापत्रकात छापलेला वेळ दारापासून दारापर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तो हवेत घालवलेल्या वेळेपेक्षा अर्धा-पाऊण तास जास्तच असतो. एकूण साडेनऊ तास. जुने वेळापत्रक आणि हा हिशेब बरोबर जुळतात.

म्हणजे २०२२ पूर्वी या मार्गापुरते ‘अंतर भागिले वेग, अधिक अर्धा-पाऊण तास’ हे ढोबळ सूत्र व्यवस्थित चालत होते. सूत्र चालत होते ते त्या रेषेखालच्या देशाने जाऊ दिले म्हणून.

रेषेखाली काय आहे

त्या ७,८५० किलोमीटरपैकी बहुतेक सगळी रेषा रशियावरून जाते. फिनलंडची पूर्व सीमा ओलांडली की रशिया लागतो, आणि जपानजवळचा समुद्र येईपर्यंत तो फारसा सुटत नाही.

१९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम सांगते, की प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या हवाई हद्दीवर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. त्याच परिषदेत एक वेगळा पारगमन करारही झाला. त्यात सामील झालेले देश एकमेकांच्या नियमित विमानसेवांना न उतरता वरून जाऊ देतात. सोव्हिएत संघ त्यात नव्हता आणि रशियाही नाही. त्यामुळे सायबेरियावरून जायचे तर स्वतंत्र परवानगी काढावी लागते आणि पैसे मोजावे लागतात. युरोपीय कंपन्या हे पैसे अनेक वर्षे कुरकुर करत का होईना भरत आल्या, कारण वळसा घालणे त्याहून महाग होते.

शीतयुद्धाच्या काळात ही परवानगी मिळतच नव्हती. म्हणून २४ फेब्रुवारी १९५७ रोजी एसएएस या स्कॅन्डिनेव्हियन कंपनीने कोपनहेगन–टोकियो सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवाजवळून, अलास्कातल्या अँकरेज इथे थांबून. विमान पंख्यांच्या इंजिनांचे, डीसी-७सी. भारत आणि आग्नेय आशियामार्गे थांबत थांबत जाणाऱ्या जुन्या मार्गापेक्षा हा प्रवास खूपच लहान होता. पुढची काही दशके अँकरेज हे युरोप आणि पूर्व आशिया यांच्यामधले एक मोठे थांब्याचे ठिकाण होऊन बसले. सायबेरियाचा मार्ग हळूहळू किलकिला होत गेला. १९६७ मध्ये एरोफ्लोत ही सोव्हिएत कंपनी आणि जपान एअरलाइन्स यांची संयुक्त मॉस्को–टोकियो सेवा सुरू झाली, आणि १९७० पासून जपानी कंपनी या मार्गावर स्वतःची विमाने नेऊ लागली.

फिनएअरने वेगळाच डाव टाकला. २२ एप्रिल १९८३ रोजी तिने हेलसिंकीहून टोकियोला कुठेही न थांबता विमान नेले. पश्चिम युरोपातून जपानला विनाथांबा जाणारी ती पहिलीच कंपनी. विमान होते डीसी-१०-३०ईआर, जादा इंधनाची टाकी बसवलेले. मार्ग उत्तर ध्रुवावरून, मग सायबेरिया आणि अलास्का यांच्यामधल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीतून खाली. वेळ सुमारे तेरा तास.

हा आकडा लक्षात ठेवावा. एकोणचाळीस वर्षांनी नव्या विमानाला तोच लागला.

त्या काळच्या मार्गावर सीमेच्या कडेने जाणे हा केवळ नकाशावरच्या रेघेचा प्रश्न नव्हता. फिनएअरच्या त्या पहिल्या उड्डाणानंतर पाच महिनेही झाले नव्हते, तोच १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलकडे निघालेले कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि साखालिन बेटाजवळ सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे गेली. वैमानिकांनी मार्ग आखताना हद्दीपासून अंतर राखण्याला किती किंमत आहे, हे त्या घटनेनंतर कुणाला वेगळे सांगावे लागले नाही.

फेब्रुवारी २०२२

रशियाने युक्रेनवर हल्ला केला तो २४ फेब्रुवारीला. २७ फेब्रुवारीला युरोपीय संघाने आपले आकाश रशियन विमानांना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, फिनलंडनेही तेच केले. दुसऱ्या दिवशी रशियाने ३६ देशांच्या विमानकंपन्यांना आपली हद्द बंद केली. यादीत फिनलंड होते.

इतर कंपन्यांनाही फटका बसला, पण फिनएअरची गोष्ट वेगळी. पॅरिस किंवा लंडनच्या कंपनीला आशिया हा अनेक बाजारांपैकी एक. फिनएअरने मात्र दोन दशके आपला सगळा धंदा एकाच भौगोलिक योगायोगावर उभा केला होता: युरोपातून ईशान्य आशियाकडे जाणाऱ्या बृहद्‌वृत्तांच्या वाटेवरच हेलसिंकी पडते. युरोपातल्या कुठल्याही शहरातून हेलसिंकीला या, तिथे विमान बदला, आणि सर्वांत कमी वेळात टोकियो, सोल, शांघाय गाठा, ही तिची जाहिरात. जाहिरात खरी होती. फक्त तिची दुसरी बाजू अशी, की रशिया बंद झाल्यावर हेलसिंकी कशाच्याही वाटेवर राहत नाही. ते एका बाजूला, कोपऱ्यात जाते.

मग उरले दोन रस्ते. एक उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून.

उत्तरेचा हिशेब असा. हेलसिंकीपासून ध्रुव ३,३०० किलोमीटर. ध्रुवावरून बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत २,७००. तिथून अलास्काच्या अल्युशियन बेटांच्या पश्चिम टोकाकडे १,७५०, कारण कामचाटका द्वीपकल्पाच्या बाजूने रशियन हद्द टाळायची आहे. पुढे नारितापर्यंत ३,१००. बेरीज १०,८५०. हे सरळ तुकडे जोडून काढलेले किमान अंतर आहे, प्रत्यक्षात ते ११,००० च्या पुढेच जाते. हेलसिंकीहून बेरिंगच्या सामुद्रधुनीला जाणारी सर्वांत जवळची रेषासुद्धा रशियाच्याच बाजूने झुकते. म्हणून तीही सोडून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरून उत्तरेला, आणि ध्रुवापलीकडे अमेरिकेच्या बाजूने खाली यावे लागते.

दक्षिणेचा रस्ता: बाल्टिक देश आणि पोलंडवरून रोमानियापर्यंत साधारण २,०००, काळा समुद्र आणि जॉर्जिया ओलांडून बाकूपर्यंत १,८००, कॅस्पियन आणि मध्य आशियावरून अल्माटीच्या परिसरात २,२५०, पुढे बीजिंगच्या दिशेने ३,३००, आणि तिथून कोरियावरून नारिता २,१५०. एकूण ११,५००. युक्रेन आणि बेलारूस वगळायचे असल्याने सुरुवातीलाच विमान दक्षिणेकडे जाते, आणि पहिल्या दोनअडीच तासांत टोकियो फारसे जवळ आलेले नसते.

म्हणजे मूळ अंतरावर उत्तरेने ३८ टक्के वाढ, दक्षिणेने ४६ टक्के.

९ मार्चचे पहिले उड्डाण उत्तरेने गेले. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र दिले गेले. हवाईप्रवासाची आवड असणाऱ्यांना याचे भारी अप्रूप वाटले. कंपनीच्या हिशेबनीसांना कितपत वाटले असेल, याची कल्पना करता येते.

ध्रुवावरून जाताना

जगात ध्रुवप्रदेशावरून विमाने नेहमी जातात, त्यात नवे काही नाही. पण ज्या कंपनीने हे अनेक वर्षे केलेले नाही, तिला आठदहा दिवसांत तयारी करायची तर बरेच काही जुळवावे लागते.

पहिला प्रश्न इंजिनांचा. १९८३ चे डीसी-१० तीन इंजिनांचे होते. ए३५० दोन इंजिनांचे आहे. दोन इंजिनांच्या विमानातले एक बंद पडले, तर उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ मार्गात कायम आवाक्यात हवा, असा नियम आहे. त्याला इटॉप्स म्हणतात. १९८३ मध्ये ही मर्यादा साठ मिनिटांची होती, त्यामुळे त्या काळी दोन इंजिनांचे विमान ध्रुवावरून नेणे अशक्यच होते. १९८५ पासून ती १२० मिनिटांपर्यंत वाढू लागली. ए३५०-९०० ला युरोपीय नियामकाने २०१४ मध्येच ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता दिली होती. पण विमानाला मान्यता असणे आणि कंपनीला ती वापरण्याची मुभा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. फिनएअरला त्या वर्षी ३०० मिनिटांची मुभा मिळाली. स्वालबार्डचा लाँगइयरब्येन आणि अलास्कातले फेअरबँक्स व अँकरेज यांसारखे विमानतळ पाच तासांच्या वर्तुळात आले, आणि रस्ता मोकळा झाला.

दुसरा प्रश्न थंडीचा, आणि तो मला सर्वांत रोचक वाटतो. जेट विमानांचे जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांवर गोठू लागते. ध्रुवावरच्या हवेचे तापमान उणे ६५ पर्यंत उतरू शकते. मग पंखातले इंधन गोठत का नाही? कारण विमान इतक्या वेगाने हवेत घुसत असते, की समोरची हवा दाबली जाऊन तापते. ०.८५ माखला उणे ६५ ची हवा पंखाच्या कातडीला साधारण उणे ३५ इतकी जाणवते. तासन्‌तास उडत राहिले की इंधन हळूहळू त्याच तापमानाकडे सरकते. गोठणबिंदूच्या वर तीन अंश राखणे आवश्यक मानले जाते. ते कमी होऊ लागले, तर वैमानिक खालच्या, जरा उबदार थरात उतरतो किंवा वेग वाढवतो. दोन्ही उपायांत इंधन जास्त जळते.

थंडीचा वेळेवरही परिणाम होतो, आणि तो अंतर मोजणाऱ्या साधनांच्या खिजगणतीतही नसतो. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. हवा थंड तर ध्वनी संथ. विमान ०.८५ माख हा आकडा धरून उडते. उणे ५६ ला त्याचे ९०० किलोमीटर होतात, उणे ६५ ला ८८५. अकरा हजार किलोमीटरवर हा फरक पाव तासाच्या आसपास जातो. तोच आकडा काट्यावर, तीच इंजिने, आणि पाव तास उशीर.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. चुंबकीय होकायंत्र तिथे निरुपयोगी ठरते, म्हणून खऱ्या उत्तरेच्या संदर्भाने चालणारी दिशादर्शन यंत्रणा वापरावी लागते. विषुववृत्तावर स्थिर असणारे संपर्क उपग्रह ८२ अंशांच्या पलीकडे क्षितिजाखाली जातात. तिथे लघुलहरी रेडिओ किंवा ध्रुवांवरून फिरणारे इरिडियमचे उपग्रह कामी येतात. सौर वादळ आले तर लघुलहरींचा भरवसा नसतो, म्हणून निघण्यापूर्वी सूर्याचेही हवामान पाहतात. अमेरिकन नियामकाच्या ध्रुवीय उड्डाणांच्या नियमांत, ७८ अंशांच्या उत्तरेला जाणाऱ्या विमानात किमान दोन थंडीपासून बचाव करणारे पोशाख ठेवायला सांगितले आहे. आणीबाणीत उतरल्यास कुणीतरी बाहेर पडून कामे करू शकले पाहिजे, म्हणून.

वारा कुणाच्या बाजूने

कागदावर उत्तरेचा मार्ग ६५० किलोमीटरने लहान आहे. मग दक्षिणेने कुणी का जावे?

मध्य अक्षांशांत वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. हा जेट प्रवाह. हिवाळ्यात चीन, कोरिया आणि जपान यांच्यावर तो जगातल्या सर्वांत जोरकस प्रवाहांपैकी एक असतो. दक्षिणेच्या मार्गाने टोकियोला जाणारे विमान शेवटचे तीनचार तास त्याच्या पाठीवर बसते. सगळ्या मार्गाची सरासरी धरून ताशी ५० किलोमीटर मदत मिळाली, तरी जमिनीच्या संदर्भातला वेग ९५० होतो. ११,५०० किलोमीटरला बारा तास, वर पाऊण तास जमिनीवरचा आणि चढउताराचा. पावणेतेरा. उत्तरेने ११,००० किलोमीटर ८९० च्या वेगाने साडेबारा तासांत, अधिक तेवढाच वरचा वेळ, म्हणजे तेरा तास किंवा थोडे वर. लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो असे दिवस येतात. म्हणून जाताना कुठून जायचे हे त्या त्या दिवसाचा वारा पाहून ठरवले जाते.

परतताना पारडे एका बाजूला झुकते. दक्षिणेने परतायचे तर तोच वारा तोंडावर. सरासरी ५० किलोमीटरचा विरोध धरला, तर ११,५०० किलोमीटरला साडेतेरा तास हवेतच जातात, दारापासून दारापर्यंत चौदाच्या वर. उत्तरेने निघाले तर उलट घडते: जपानमधून निघून अल्युशियनकडे पूर्वेला जाताना उत्तर पॅसिफिकवरचा वारा पाठीशी असतो, आणि ध्रुवाजवळ वारा एकूण सौम्य. त्यामुळे टोकियोहून युरोपकडे येणारी विमाने बहुधा आधी उलट्या दिशेला, अलास्काकडे निघतात. पृथ्वीला एक प्रकारची प्रदक्षिणाच होते, जाताना मध्य आशियावरून आणि येताना ध्रुवावरून. युरोपकडे जाणारे विमान पूर्वेला का चालले आहे, असा प्रश्न समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघणाऱ्याला पडला तर नवल नाही.

तासांचे पैसे

साडेतीन तास हा प्रवाशाला कंटाळा. कंपनीला तो सर्वांगाने लागतो.

इंधन हा उघड भाग. ए३५०-९०० ताशी साधारण सहा टन इंधन जाळते. साडेतीन तासांचे वीस टनांच्या पुढे. शिवाय ते वीस टन सुरुवातीपासून वाहून न्यावे लागतात, आणि वाहून नेण्यासाठी आणखी जळते. जादा इंधनाचे वजन वाढले की विमानात घेता येणारे प्रवासी आणि माल यांना मर्यादा येते. मार्च २०२२ मध्ये जपान पर्यटकांना बंदच होता, प्रवासी मोजके होते. उड्डाणे पुन्हा सुरू झाली ती मुख्यतः विमानाच्या पोटातल्या मालाच्या भरवशावर.

दुसरा भाग वैमानिकांचा. तेरा तासांच्या उड्डाणात आळीपाळीने विश्रांती द्यायची तर जादा वैमानिक लागतात.

तिसरा भाग सहसा चर्चेत येत नाही, पण माझ्या मते खरी जखम तिथेच आहे. साडेनऊ तास जायला, दहाएक तास परत यायला, आणि दोन्ही टोकांना दीडदोन तास साफसफाई, इंधन आणि प्रवासी चढउतारासाठी. एकूण तेवीस-चोवीस तास. म्हणजे आज संध्याकाळी गेलेले विमान उद्या दुपारी परत येते आणि संध्याकाळी पुन्हा टोकियोला निघते. रोजच्या सेवेला एक विमान पुरते. आता तेरा आणि तेरा मिळून सव्वीस तास नुसते उडण्यातच गेले. रोज त्याच वेळेला निघायचे तर दोन विमाने हवीत, आणि त्या दोघांच्या अठ्ठेचाळीस तासांतले अठराएक तास रिकामे जातात किंवा दुसरीकडे कुठेतरी भरावे लागतात. वेळ वाढला ३७ टक्के, विमानांची गरज वाढली दुप्पट. हेलसिंकीचे जे भौगोलिक भाग्य म्हणत, ते या चोवीस तासांच्या चक्रात होते. चक्र मोडल्यावर काही आशियाई मार्ग फिनएअरने बंद केले, काही विमाने वैमानिकांसकट इतरांना भाड्याने दिली. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटससाठी दिलेली दोन ए३३० त्यांतलीच.

तिकिटावर काय दिसते

हिवाळ्यात टोकियोचे घड्याळ हेलसिंकीच्या सात तास पुढे असते, उन्हाळ्यात सहा. जपान घड्याळ बदलत नाही, फिनलंड बदलते. समजा हिवाळ्यात बुधवारी संध्याकाळी साडेपाचला निघून गुरुवारी दुपारी दीडला पोहोचणारे तिकीट आहे. घड्याळांतला फरक वीस तासांचा, त्यातून सात वजा केले की तेरा. परतीचे विमान रात्री दहाला निघाले तर पहाटे चारला उतरते, आणि कागदावर प्रवास अवघा सहा तासांचा भासतो. ज्यांना पुढचे विमान पकडायचे असते ते इथेच गोंधळतात. तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. वजाबाकी करण्यापूर्वी त्या एकाच घड्याळावर आणाव्यात, आणि त्या तारखेला उन्हाळी वेळ चालू आहे का तेही बघावे.

अंतर दाखवणारी साधने वेळही सांगतात. तो वेळ बहुधा बृहद्‌वृत्ताचे अंतर एका ठरावीक वेगाने भागून आणि त्यात अर्धा तास घालून काढलेला असतो. हेलसिंकी–टोकियोसाठी असे साधन आजही साडेनऊच्या आसपासचा आकडा देईल. त्याचा भागाकार चुकलेला नाही. त्याला फक्त सीमा दिसत नाहीत, वारा दिसत नाही, पर्यायी विमानतळ दिसत नाहीत. उत्तर अटलांटिकसारख्या मोकळ्या समुद्रावर तेच सूत्र बऱ्यापैकी खरे उतरते. तिथेही न्यूयॉर्कहून लंडनला जाण्यापेक्षा लंडनहून न्यूयॉर्कला जायला तासभर जास्त लागतो, हे मात्र त्याला सांगता येत नाही. खरा वेळ हवा असेल तर त्या मार्गाचे चालू वेळापत्रक पाहावे, आणि गेल्या काही दिवसांत विमान प्रत्यक्ष कुठून गेले याची नोंद पाहावी.

परवानगीचा मुद्दाही दिसतो तितका सरळ नाही. २८ फेब्रुवारीच्या रशियन यादीत जपानचे नाव नव्हते. तरी जपानी कंपन्यांनी रशियावरून उडणे आपणहून थांबवले आणि तसाच वळसा पत्करला. चिनी कंपन्यांनी उलट केले: त्यांची युरोपकडे जाणारी विमाने नंतरही रशियावरूनच जात राहिली. त्यामुळे युरोप आणि चीनमधल्या त्याच दोन विमानतळांसाठी तिकीट शोधले, तर चिनी आणि युरोपीय कंपनीची विनाथांबा उड्डाणे एकाखाली एक दिसतात, आणि प्रवासाच्या वेळेच्या रकान्यात दोन वेगळे आकडे असतात. लहान आकडा चिनी कंपनीचा.